ठेवली, साहेब

"कुणाला सांगून पटणार नाही, सूनबाई, पण आमच्या ऑफिसात एक कारकून होता. उभ्या नोकरीत त्याची एक तक्रार वर गेली नाही!" सासऱ्यांनी चहाचा कप लॅपटॉपला खेटूनच ठेवला आणि खुर्ची ओढली.

सुनेने कप लांब सरकवला. उद्या सकाळी तिचा प्रोग्राम एका दवाखान्यात सुरू व्हायचा होता. एक्स-रे घ्यायचा, शेजारच्या डिस्कमध्ये ठेवायचा आणि 'जतन झाला' अशी पोच द्यायची. पोच मिळाली की एक्स-रे मशीन आपल्याकडची प्रत पुसून टाकणार. आधीचा प्रोग्राम ऊठसूट अडून बसायचा, डॉक्टर कावले होते. म्हणून तिने फाइलींचं सगळं काम एकाच क्लासवर, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यावर, सोपवलं होतं आणि त्याला सक्त ताकीद दिली होती: काहीही बिघडो, वर बोंब मारायची नाही. आठवडाभर पडद्यावर एक लाल अक्षर उमटलं नव्हतं. स्वारी खुशीत होती.

"असं काय करायचा तो?" तिने मान वळवली.

"फाइल दिली की म्हणायचा, 'ठेवली, साहेब.' कपाटाला कुलूप असलं तरी 'ठेवली, साहेब.' कपाट ठासून भरलेलं असलं तरी तेच."

"आणि कपाटच नसलं तर?"

"अगं, तेच तर! रंगकाम निघालं, कपाट खाली नेलं. हा पठ्ठ्या कोऱ्या भिंतीसमोर उभा राहिला, फाइल हवेत सोडली आणि म्हणाला, 'ठेवली, साहेब.' साहेब इतके खूश, की हातातली दुसरी प्रत त्यांनी टराटरा फाडली."

सून खळखळून हसली. "बाबा, थापा तरी बेताच्या मारा! असला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत टिकला नसता."

"नसता का?" सासऱ्यांनी हात लांबवला आणि लॅपटॉपला जोडलेल्या डिस्कची वायर उपटली. "आता दे बघू एक एक्स-रे."

"बाबा, ती वायर..." ती थबकली. डिस्कच नाही म्हटल्यावर काय होईल, हे तिने कधी करूनच बघितलं नव्हतं. बघू तरी. चाचणीसाठी आणलेला मोडक्या मनगटाचा एक्स-रे तिने निवडला, बटण दाबलं.

पडद्यावर हिरवीगार अक्षरं उमटली: 'एक्स-रे जतन झाला.'

तिने सुटी वायर बघितली. मग पडदा.

"मेला धादांत खोटं बोलतोय!" ती स्वतःच्याच प्रोग्रामवर ओरडली.