बॅटरीवरचे इअरमफ

"पुन्हा आठ," मास्तर म्हणाले आणि लेकीच्या कानांवरचे इअरमफ त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवले. त्या सकाळची ही तिसरी जोडी.

रायफल रेंजच्या काउंटरवर एव्हाना कान झाकायच्या वस्तूंचं दुकानच मांडलं गेलं होतं. रविवारी संघाची निवड होती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत दर गोळीला दहा गुणांच्या खाली क्वचितच उतरणारी पोरगी आठवर घसरली होती, आणि अशीच घसरत राहिली तर संघाचं नाव विसरायचं. मास्तर तिचे वडीलही होते आणि प्रशिक्षकही, त्यामुळे त्यांची झोप दोन्ही बाजूंनी उडाली होती.

दोन महिन्यांपूर्वी घडलं होतं ते एवढंच, की कानाच्या डॉक्टरांनी मास्तरांपुढे त्यांचा तपासणी अहवाल ठेवला. ऐन उमेदीत त्यांनी कानात कापूस कोंबून हजारो गोळ्या झाडल्या होत्या. याहून जास्त काळजी घेणाऱ्याला तेव्हा सगळे भित्रा म्हणत. त्या मर्दुमकीचं फळ आता कागदावर आलं होतं. बारीक आवाज त्यांना कधीच सोडून गेले होते. लेक तोवर फोमचे बोळे कानात कसेबसे अडकवून नेम धरायची. मास्तरांनी घरी परततानाच तिच्यासाठी बाजारातले सगळ्यांत जाड इअरमफ घेतले. आपले गेले, निदान तिचे कान तरी शाबूत राहावेत. नेम बिघडला तो तेव्हापासून.

मास्तरांचा तर्क साधा होता. जाड वाटी रायफलच्या दस्त्याला टेकते, गाल हलतो, गोळी भरकटते. मग वाट्याच नकोत म्हणून त्यांनी फोमचे बोळे दिले. या वेळी मात्र अगदी पद्धतशीर. बोळा सुतळीसारखा बारीक वळायचा, कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोट हलवायचं नाही. आठ. मनाची समजूत म्हणून पातळ वाट्यांचे इअरमफ दिले, तरी आठच. तर्क तोंडावर आपटला. लेक पुढची गोळी भरत होती. हल्ली ती गप्पच असायची.

काउंटरवरच्या बाईंनी फळीवरून एक काळी जोडी काढली. ती बॅटरीवर चालायची. गोळीचा धडाका अडवायची आणि बारीकसारीक आवाज मोठे करून कानात सोडायची. स्पर्धेत ही चालत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. शिवाय तिच्या वाट्या सगळ्यांत ढब्ब्या. पण काय होतं ते बघायची बाईंना हौस होती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही.

दहा. पुन्हा दहा. तिसराही दहा.

मास्तरांचं डोकं चक्रावलं. दस्त्याला सगळ्यांत जास्त टेकणारी वाटी, आणि नेम सरळ? त्यांनी जोडी उलटीपालटी करून पाहिली. तिच्यात काही जादू दिसेना, तेव्हा ती लेकीला परत दिली.

"तुम्हीच घालून बघा की, मास्तर," बाई म्हणाल्या. "अजून एक जोडी आहे."

मास्तरांनी ती घातली आणि जागच्या जागी थांबले. वर पंखा कुरकुरत होता. बाईंच्या हातातला कागद सळसळत होता. मनगटावरचं घड्याळ टिकटिकत होतं, आणि ते टिकटिकतं हेच ते विसरून गेले होते. त्यांना एकदम भरून आलं. पण वेळ ती नव्हती. ते लेकीच्या मागे, आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले.

लेकीनं रायफल खांद्याला लावली. अर्धा श्वास सोडला, अर्धा धरून ठेवला. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, "आता." गोळी सुटली. दहा.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. पुढच्या गोळीलाही तेच झालं. त्यांनी हळूच आपल्या तोंडाला हात लावला. ओठ अजून उघडेच होते.

"हे मी दर वेळी म्हणतो?" त्यांनी विचारलं.

लेकीनं रायफल खाली ठेवली. "पहिल्या दिवसापासून. तुम्हाला माहीत नाही, बाबा?" मग तिचा आवाज पडला. "दोन महिन्यांपूर्वी तुम्ही म्हणायचं थांबवलंत. मला वाटलं, माझ्यावर रागावलात."

रेंजवरचे हुकूम कर्ण्यातून यायचे, ते जाड वाट्यांतूनही पोचत होते. म्हणून तिला कधी शंका आली नाही. अडकत होता तो फक्त बापाचा पुटपुटाट, आणि तो अडवणारी वस्तू बापानंच हौसेनं आणली होती. रविवारी तर प्रशिक्षकांना काचेपलीकडे बसवणार होते. मास्तरांना हसावं की रडावं कळेना.

"रागावलो नव्हतो गं," ते म्हणाले. त्यांनी तिच्या कानांवरची बॅटरीची जोडी काढली आणि ते पहिले, जाड इअरमफ नीट बसवून दिले. स्वतःची जोडी मात्र काढली नाही. स्टुलावर बसून त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

लेकीनं नेम धरला. गोळी सुटेना. तिनं रायफल खाली घेतली, पुन्हा उचलली. मास्तरांच्या घशाशी शब्द आला. त्यांनी हात आणखी घट्ट दाबला. पंखा कुरकुरत होता, घड्याळ टिकटिकत होतं. लेकीचा श्वास अर्ध्यावर थांबला, तोही त्यांना ऐकू आला.

मग अगदी स्पष्ट कुजबुज आली, "आता."

आवाज लेकीचा होता.