नगण्य

"गेल्या वर्षभरात वाडीत बाहेरून एखादं जनावर आलं का?" डॉक्टर शेफालींनी गोठ्याच्या दारातूनच विचारलं.

"एकबी न्हाई," धनाजी म्हणाला. "हितं ज्याची त्याची पैदास. एवढ्या वर इकत कोण आणतंय?"

ते खरंच होतं. हिर्डोशीच्या डोक्यावरची ही वाडी म्हणजे मोजकी घरं, उताराला भाताची खाचरं आणि त्यांच्या वर नाचणी. एसटी खाली गावातच थांबायची. पुढचा कच्चा रस्ता जीप नाहीतर टेम्पोलाच झेपायचा, बाकी सगळे पायी.

तालुक्याच्या खालच्या अंगाला गुरांमध्ये लंपी पसरली होती. अंगभर गाठी उठत, ताप चढे, दूध आटून जाई. पण शेफाली औषधपाण्याला आल्या नव्हत्या. जिथं रोग अजून पोचला नाही तिथं तो पोचण्याचा धोका किती, हे त्यांना ठरवायचं होतं. अशा वाड्यांच्या नोंदी नसतात, हाताशी आकडे नसतात. म्हणून माणसांना विचारायचं, डोळ्यांनी बघायचं आणि शेवटी त्या धोक्याला एक शब्द द्यायचा. जास्त, मध्यम, कमी किंवा नगण्य.

धनाजी त्या दिवशी शेताकडं गेलाच नाही. बाई त्याला पहिल्या घटकेतच आवडल्या होत्या. त्यांनी म्हशीच्या गळ्याखाली आधी खाजवलं होतं आणि मग ताप बघितला होता. असं करणारं माणूस जनावराशी खोटं वागत नाही, असं त्याचं मत. त्यानं त्यांना घरोघरचे गोठे दाखवले, पाणी पाजायचा झरा दाखवला, चरायचा माळ दाखवला.

माळावर वारा इतका होता की शेफालींना ओढणी कमरेला बांधावी लागली. नेहमी असाच वारा असतो का, त्यांनी विचारलं.

"बारमाही. मच्छर सुदीक टिकत न्हाई हितं."

त्या खूश झाल्या. हा रोग मुख्यतः चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांतून पसरतो, त्यांनी समजावून सांगितलं. माशी कमी तिथं अर्धी काळजी कमी. धनाजीनं हे लक्ष देऊन ऐकलं आणि घरी आल्यावर बायकोला, अंजनाला, जसंच्या तसं सांगितलं.

अंजनानं ताक पुढं केलं. ओटीवर बसून शेफालींनी पाहुण्यारावळ्यांची चौकशी चालवली. खालच्या गावांतून कोण येतं, कशानं येतं, सोबत काय आणतं. धनाजीनं सांगितलं की त्याची धाकटी बहीण सुलक्षणा हमरस्त्याकडच्या गावात दिलेली आहे, तिच्या गावात लंपी आलीय आणि ती बिचारी घाबरून गेलीय.

"त्या इकडं येतात?"

"दिवाळीला. एसटीनं येती, पिशवी घिऊन." तो हसला. "एसटीत जनावर कोण घेतंय?"

शेफालीही हसल्या. बहिणीनं गोठ्यात औषध फवारून घ्यावं, आजारी जनावर वेगळं बांधावं, सरकारी दवाखान्यात कळवावं, असा निरोप त्यांनी दिला. धनाजी देतो म्हणाला.

उन्हं कलायच्या आत वाडीतली माणसं ओटीसमोर जमली. शेफालींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. इथं बाहेरचं जनावर येत नाही, गुरांचा बाजार नाही, माशी कमी, गुरं धडधाकट. लंपी इथं येण्याचा धोका नगण्य आहे. बाजारातून जनावर विकत आणू नका आणि चाललंय तसंच चालू द्या.

"नगण्य म्हंजी?" धनाजीनं विचारलं.

"असून नसल्यासारखा."

"म्हंजी हितं रोग येत न्हाई."

शेफाली उठता उठता म्हणाल्या, "यायला वाटच दिसत नाही, काका."

माणसं एकमेकांकडं बघून समाधानानं माना हलवत होती. तालुक्यातून आलेल्या पाहुण्यानं वाडीचं असं तोंडभरून कौतुक करायची ही पहिलीच वेळ. भिमा म्हातारा तर म्हणाला की आपल्या हवेचं मोल आता शिकलेल्यांना कळायला लागलं. अंजनानं बाईंना नाचणीचं पीठ बांधून दिलं. जीप वळणाआड जाईस्तोवर धनाजी रस्त्यात उभा होता.

मग तो गोठ्यात शिरला. पलीकडची रिकामी बाजू झाडून काढली, भुईला कोरडी माती पसरली, दावणीचे सैल खुंटे ठोकून घट्ट केले. आता हे कशाला, अंजनानं विचारलं. बरेच दिवस छातीवर असलेलं ओझं उतरल्यागत तो हसला आणि म्हणाला की चांगल्या कामाला उशीर नको. तिनंही मग पदर खोचला आणि वैरणीच्या पेंढ्या आत आणून टाकल्या.

मोबाईलला रेंज माळाच्या टोकालाच मिळायची. खाली खाचरांतला भात पिवळा पडत चालला होता आणि वारा त्यावरून हात फिरवल्यासारखा जात होता. आपण किती चांगल्या जागी जन्मलो, असं धनाजीला वाटलं. त्यानं सुलक्षणाला फोन लावला. ती बोलायच्या आधीच रडायला लागली. त्यानं तिला रडू दिलं.

"आता गप, सुले," तो मायेनं म्हणाला. "डागदरीणबाई सोता बघून गेल्या. आमच्या वाडीत लंपी येतच न्हाई. उद्या टेम्पो सांग आन् तुजी समदी गुरं हिकडं लावून दे. आन् गाठी फुटल्याल्या त्या दोघी हायत ना, त्यास्नी मधी उभ्या कर, म्हंजी बाकीच्यांचा आधार मिळंल."