एका डावात सातबारा

"आधी शेत बांधा," नंदा म्हणाली. "शेत नाय तर तुमचं सैन्य खाणार काय?"

जितेशने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "शेत बांधायचंच नाय. सुरुवातीलाच हल्ला करायचा."

"मगाशी तेच केलंत नि मेलात."

"आता लवकर करतो."

नंदा भिजवलेले वाल सोलत होती. पडद्यावर तिच्या नवऱ्याचे मूठभर धनुर्धारी उपाशीपोटी एका दगडी किल्ल्याकडे निघाले. वाटेत एका राक्षसाने त्यांना पायाखाली घेतलं. जितेशने डाव पुन्हा सुरू केला.

खेळ जुना होता. ड्रॅगन आणि बुटक्यांच्या एका इंग्रजी सिनेमावरून काढलेला. शाळेत असताना तो सिनेमा जितेश आणि त्याचा धाकटा भाऊ मनोज यांनी भाड्याच्या सीडीवर इतक्यांदा पाहिला, की शेवटी ती सीडी दुकानदारानेच परत घेतली नाही. मग खेळ आला. आपला किल्ला उभारायचा, लाकूड-दगड गोळा करायचं, शेतं बांधून सैन्य पोसायचं आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. त्या काळी घरच्या, म्हणजे पाटलांच्या, म्हशी दोघांपैकी कोणी धुवायच्या, याचा निकाल कर्जतच्या सायबर कॅफेत लागत असे.

आता प्रश्न म्हशींचा नव्हता. खालापूरकडच्या त्यांच्या गावात पाटलांच्या शेताला लागून स्विमिंग पूलवाले बंगले उभे राहिले होते. जमिनीचे सौदे करणाऱ्या नागू एजंटच्या मुंबईच्या पार्टीला पाटलांचंही शेत हवं होतं. सातबाऱ्यावर नावं दोन्ही भावांची. एकाला विकायचं होतं, एकाला नव्हतं. बोलून बोलून दोघांचे घसे बसले, तेव्हा त्यांची आई अंबाबाई म्हणाली, "म्हशींचं ठरवायचात तसं ठरवा नि मला झोपू द्या."

जिंकेल त्याचा शब्द चालणार. हरेल त्याने पुन्हा विषय काढायचा नाही.

कोणाला विकायचंय, हे गावाला सांगावं लागलं नाही. जितेश भात लावायचा. मनोज मोहोपाड्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा, स्टाफ कॉलनीत राहायचा आणि रविवारी मोटारीतून यायचा. आणि भावाभावांच्या जमिनीचं तोंडावर विचारायची तिथे पद्धत नव्हती. पारावर बसून परस्पर ठरवायची होती.

पाराने जितेशच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. शेजारचे भिवाजीकाका त्यात पुढे. जितेशला सरावाला वेळ मिळावा म्हणून त्यांनी त्याच्या झोडणीला आपली माणसं लावली, पेंढा स्वतः टेंपोत भरला.

"जित्या, गावाचा मान तुझ्या हातात हाय रं."

"बघू, काका."

"बघू नको. जिंक."

"जिंकणारच हाय," जितेश म्हणाला, आणि ते त्याने अशा आवाजात म्हटलं की काकांनी उरलेला पेंढाही भरला.

जे मनगट विळ्याने कधी दुखलं नव्हतं, ते माऊसने दुखायला लागलं. जितेशने त्यावर कापड गुंडाळलं. जेवताना तो कुठून हल्ला करायचा ते ताटात भाताने मांडायचा. नंदाने शेताचा सल्ला देणं सोडून दिलं. ती आता वेळ मोजायची आणि सांगायची, "काल याच्या आधी पोचलावता."

सामन्याच्या रविवारी मनोज सकाळीच आला. घरात यायच्या आधी बांधावर गेला, चारी बाजूंनी शेताचे फोटो काढले. कोणाला पाठवायचे, ते पाराला कळलं.

"लाज नाय," भिवाजीकाका म्हणाले.

ओटीवर दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून वायरने जोडले. मागे पार जमला. खेळ कोणालाच कळत नव्हता, पण भावकी सगळ्यांना कळत होती.

"दादा, शब्द म्हणजे शब्द," मनोज म्हणाला.

"तुझाच तू सांभाळ, मन्या."

मनोजने सुरुवातीलाच शेतं बांधायला घेतली. किल्ल्यासमोर एका ओळीत, सारख्या अंतरावर, सुबक.

"बघा, बघा," काका कुजबुजले, "हितं पण प्लॉट पाडतोय."

जितेशने एकही शेत बांधलं नाही. होतं नव्हतं ते लाकूड धनुष्यांना घातलं आणि माणसं पुढे काढली. ती थेट मनोजच्या शेतांत शिरली आणि त्यांनी पहिलं शेत पेटवलं.

मनोजने दरवाजावरचे सगळे भालेवाले शेताकडे धाडले. दुसरं पेटलं, तिकडे तटावरचे धाडले.

"मनोजभाऊजी, दरवाजा उघडा पडला," नंदाला राहवलं नाही.

"तू कोणाकडनं हायस गं?" जितेश म्हणाला.

मनोजने ऐकलं नाही. तो तिसरं शेत वाचवत होता. जितेशची माणसं आत शिरली, आणि थोड्या वेळाने पडद्यावरचा किल्ला धुरळा उडवत खाली बसला.

ओटी उठून उभी राहिली. कोणीतरी पेढे आणूनच ठेवले होते. भिवाजीकाकांनी जितेशच्या पाठीवर थाप मारली. मग हरलेल्याचंही मन राखावं म्हणून मनोजकडे वळले.

"जाऊ दे रं, मन्या. कॉलनीत तुला काय कमी हाय?"

मनोज सकाळी काढलेले शेताचे फोटो एकेक करून बघत होता. जितेशने अर्धा पेढा त्याच्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला, मनगटाचं कापड सोडलं आणि खिशातून फोन काढला.

"नागू," तो म्हणाला, "उद्या पार्टीला घेऊन ये. मन्या सही करतोय."