बाकावरची बाई

"या चित्राची किंमत किती?" न्यायाधीशांनी विचारलं.

क्लावदिया रोदिओनोव्ना साक्षीदाराच्या जागी उभी होती. समोरच्या टेबलावर चित्र ठेवलं होतं. एका जुन्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाचं नेपथ्य. पानगळीतली बाग, अर्धवट उघडं फाटक, फाटकाशी बाक, आणि बाकावर अंगठ्याएवढी एक बाई. मूळ चित्र शंभर वर्षांपूर्वीचं. उजेडाने त्याचे रंग उडायला लागले, तेव्हा संग्रहालयाने ते तळघरात नेऊन ठेवलं आणि भिंतीवर हाताने रंगवलेली प्रत लावली. अशा प्रती करण्यातच क्लावदियाचं आयुष्य गेलं होतं. ही प्रतही तिचीच.

चोर समोर बसला होता. येफिम सावेल्यिच, ट्रामच्या कारखान्यातला निवृत्त फिटर. चित्र ओव्हरकोटाखाली घालून निघाला आणि दारातच सापडला. का चोरलं, ते त्याने पोलिसांनाही सांगितलं नव्हतं.

सुनावणीआधी त्याची बाजू मांडायला नेमलेल्या तरुण वकील मुलीने क्लावदियाला बाहेर गाठलं होतं. "बाई, किंमत अडीच हजार रूबलच्या आत सांगा. मग नुसत्या दंडावर भागेल. वर गेली, तर म्हातारा तुरुंगात मरेल हो."

"कागद आणि रंग," क्लावदियाने आता न्यायाधीशांना सांगितलं. "फार तर अठराशे रूबल. प्रतीला आणखी कसली किंमत?"

"खरं चित्र खाली तळघरात, आणि हे महाशय नक्कल घेऊन पळाले," संग्रहालयाच्या संचालिका इन्ना ल्वोव्ना मोठ्याने म्हणाल्या. "चोरीसुद्धा धड जमली नाही!"

लोक हसले. वकील मुलीने कागद आवरायला घेतले.

तेवढ्यात म्हातारा ताडकन उठला. "खोटं बोलतायत या!"

"आजोबा, बसा खाली," वकील मुलगी त्याची बाही ओढत कुजबुजली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "याच साक्षीवर तुम्ही सुटताय. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. पण माझ्या बायकोचे अठराशे?"

कुणीच हसलं नाही. म्हातारा टेबलाशी गेला. शिपाई पुढे झाला आणि न्यायाधीशांकडे बघून थांबला. म्हाताऱ्याने बाकावरच्या बाईकडे बोट दाखवलं.

"ही आमची तास्या. शाल बघा, मीच आणलेली. डावा खांदा असाच पडायचा तिचा. पेन्शनीत निघेपर्यंत यांच्याच दालनात खुर्चीवर बसून राखण करायची. गेल्या हिवाळ्यात गेली. घरात करमेना, म्हटलं तिची खुर्ची तरी बघून येऊ. बघतो तर समोर ही बसलेली! मग काय, तिथेच सोडून येऊ तिला?"

"काहीतरीच!" इन्ना ल्वोव्ना म्हणाल्या. "शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रात याची बायको कुठून येईल?"

त्या क्लावदियाकडे वळल्या आणि तिचा चेहरा निरखून बघू लागल्या.

क्लावदियाला आठवलं. मूळ चित्रात बाकापाशी ओल शिरली होती. बाकावर कोण बसलंय ते कळतच नव्हतं, तपकिरी डाग तेवढा उरला होता. डागाची प्रत डागच करायची, हा नियम. ही प्रत केली त्या हिवाळ्यात ती दालनातच बसून काम करत होती. समोर खोली तापवणाऱ्या रेडिएटरला टेकून राखणदार बाई पेंगत असायच्या. एका दुपारी तिने सहज मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि ब्रश चालत राहिला. नंतर तज्ज्ञ येऊन गेले, शाळांच्या सहली येऊन गेल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पुढे तीही विसरून गेली.

"क्लावदिया रोदिओनोव्ना, खालच्या मूळ चित्रात ही बाई आहे की नाही?" इन्ना ल्वोव्नांनी विचारलं.

आहे म्हटलं, की झालं. म्हाताऱ्याला वेड लागलंय असं सगळे म्हणतील, तो दंड भरून घरी जाईल, आणि उद्या सकाळी ती आपल्या टेबलाशी बसेल. म्हातारा तिच्याकडे बघतही नव्हता. तो बाकाकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "तिथे नुसता डाग आहे. बाई मी काढली. त्या समोर बसायच्या. मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

इन्ना ल्वोव्ना पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही लोकांना हे दाखवत होतो? उद्यापासून कामावर येऊ नका तुम्ही!"

"ते तुमचं तुम्ही बघा," न्यायाधीश म्हणाले. "मला किंमत हवी आहे."

"कसली किंमत? ही प्रतच नाही! भिंतीवर लावता येणार नाही, कपाटात ठेवता येणार नाही. आम्हाला नको हे. शून्य लिहा, शून्य!"

शून्याची चोरी होत नाही; वकील मुलीने तोंडावर हात ठेवला. क्लावदिया जवळच्या खुर्चीत बसली. म्हाताऱ्याला मात्र काही उमगलं नव्हतं. तो एकदा क्लावदियाकडे, एकदा इन्ना ल्वोव्नांकडे बघत राहिला. मग न्यायाधीशांकडे वळून त्याने हलकेच विचारलं,

"मग साहेब, आता तिला घरी नेऊ का?"