कळवू नये

"नाही म्हणजे नाही, मॅडम. अण्णाला एका शब्दानं कळवायचं नाही," गुणवंत ढोके म्हणाला आणि जनुक तपासणीचा रिपोर्ट त्यानं टेबलावर पालथा ठेवला.

डॉक्टर हेमलतानं चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासूनचा हा एकविसावा पेशंट, आणि नेमका हाच टाळता येण्यासारखा नव्हता. जबलपूरच्या गोरखपूर बाजारातले हॉर्न बंद खिडकीतूनही आत येत होते.

"हा दोष रक्ताच्या नात्यात उतरतो," ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. "धावताना, जिना चढताना हृदय एकाएकी थांबू शकतं. वेळेत कळलं तर गोळ्यांनी, यंत्र बसवून माणूस वाचतो."

"वाचतो," गुणवंत नुसताच म्हणाला. त्याची ज्योती गेल्या वर्षी पोलीस भरतीसाठी धावता धावता मैदानातच कोसळली होती. एकोणीस वर्षांची पोर. हेमलतानं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"म्हणूनच म्हणते, भावाला सांगू द्या. त्यांच्या धाकट्या मुलीला, जयालाही धोका असू शकतो."

"जयाचं लग्न दोन महिन्यांवर आलं. जबलपुरात आपली मराठी घरं किती, मॅडम? कोणाकडे खुट्ट झालं तरी सगळ्यांना कळते. रक्तात दोष आहे म्हटल्यावर कोण सून करून नेईल? लग्न होऊ द्या, मग मीच सांगतो."

"आणि तोवर काही झालं तर? उद्या कोर्ट मला विचारेल, माहीत असून गप्प का बसलात?"

"मी लिहून देऊन राहिलो ना! अन् सांगितलं, तर मीच तुम्हाला कोर्टात खेचीन."

मागे एकदा सल्ला घेतला तेव्हाचं वकिलाचं उत्तर हेमलताला पाठ होतं. पेशंटनं नाही म्हटलं की डॉक्टरचं तोंड बंद. उघडलं तर फिर्याद ठरलेली. बंद ठेवून कुणी दगावलं तर काय, यावर वकीलसाहेबांनी घसा खाकरून चहा मागवला होता.

गुणवंतनं नकाराच्या फॉर्मवर सही केली. उठताना त्याचा आवाज मऊ झाला.

"ज्योती गेल्यावर अण्णाच माझ्या मागं लागला. हेमलता मॅडमकडेच जा, तपासून घे म्हणे. रोज विचारायचा, गेला का, गेला का. पोरीसाठी माझ्याहून जास्त तोच रडला. त्याच्या जिवाला आणखी घोर काहून लावू?"

"बरोबर आहे," हेमलता म्हणाली. झोपून उतरणारा हा थकवा नव्हता.

तो गेल्यावर तिनं कपाट उघडलं आणि ढोके नावाच्या फाइलीत त्याचा कागद लावला. त्याच्या खाली तसाच एक फॉर्म होता, तीन वर्षांपूर्वीचा, अण्णाच्या सहीचा: 'दोष माझ्यात निघाला आहे. थोरल्या मुलीचं लग्न ठरत आहे. तरी माझा धाकटा भाऊ गुणवंत याला काही कळवू नये.'