घेण्याचा भाव, विकण्याचा भाव

त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं. विचारलं एवढंच होतं, ‘वाट पाहू का? हो की नाही, कळव.’ तेव्हा ते तरुण होते. उत्तराचे मसुदे लिहिले, शब्द खटकले, फाडले. असं करता करता वर्षं उलटली आणि मग लिहायचीच लाज वाटू लागली. लग्न राहून गेलं ते गेलंच.

निवृत्तीनंतर त्यांनी पासपोर्ट काढला, तोही त्या पत्रापायीच.

आज ते पुन्हा परकीय चलनाच्या खिडकीशी उभे होते. काचेपलीकडच्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला.

“काय, यंदाही बेत रद्द?”

“तब्येत जरा...” त्यांनी नोटा काचेखालच्या फटीतून आत सरकवल्या. मागच्या महिन्यात इथूनच घेतलेल्या, अजून करकरीत.

“घेताना एक भाव, विकताना दुसरा. दरवेळी पदरचे घालवता. आमच्या दुकानाचं भाडं तुमच्यावरच निघतं बहुतेक.” बाईंनी पासपोर्ट चाळला. “आणि ह्यावर एक शिक्का नाही. आहे तरी कोण, जिच्यासाठी हा खटाटोप?”

“आहे एक. तिनं पत्र घातलं होतं. मला उत्तराला शब्द सापडेनात.”

“जन्मभर पुस्तकांत बसून? समुद्रात राहून कोरडे की हो तुम्ही!”

बाई नोटा मोजू लागल्या. मध्येच चुकल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

“तिनं वाट पाहिली असेल?” त्यांनी विचारलं.

“पाहिली असली तर वेडीच म्हणायची.” बाईंनी मान वर केली नाही. “बरं, ही आपली शेवटची भेट. शुक्रवारी मी निवृत्त होतेय. बहिणीकडे जाऊन राहणार. इथे यंत्र बसवतायत. ते टोमणे मारणार नाही, निश्चिंत राहा.”

ग्रंथपालांच्या घरी बोलायला रेडिओ होता, पण तो एकटाच बोलायचा. ह्या खिडकीशी कुणीतरी त्यांना नावं ठेवायचं, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. तिथलं पत्राचं पाकीट बाळगून बाळगून कोपऱ्यांना झिजलं होतं.

“उत्तर लिहिलंय,” ते पुटपुटले. “खिशातच आहे.”

“मग टाका की! कोपऱ्यावर टपालपेटी आहे.”

“धीर होत नाही.”

“मग राहू द्या. इतकी वर्षं राहिलंच आहे.”

रांगेतला मागचा माणूस खाकरला. ग्रंथपालांनी पाकीट काढलं, डोळे मिटले आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवलं.

बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं. एवढंसं नाव, पण बराच वेळ वाचलं. मग खिडकीवर ‘बंद’ची पाटी उलटवली.

“अक्षर अजून तसंच आहे रे तुझं.”