थांब्यापुरती वीज

संध्याकाळच्या लोकलची वेळ झाली तशी मालनने पायांत चपला सरकवल्या. वाडीच्या खांबांवरच्या तारा कधीच काढून नेल्या होत्या. स्टेशनात गाडीला ब्रेक लागला की त्यातून निघेल तेवढीच वीज वाडीला मिळे. चालकाविना धावणारी ती गाडी प्लॅटफॉर्मवर कुणी उभं असेल तरच थांबे, आणि नुसतं उभं राहून न चढणाऱ्याला पुढच्या खेपेला जुमानत नसे. म्हणून वाडीत घरटी पाळ्या लागत. मग एकेक घर शहरात गेलं आणि पाळी रोज मालनवरच येऊ लागली. पुढच्या स्टेशनपर्यंत जायचं, परतीच्या गाडीनं यायचं. तेवढ्यावर तिच्या नवऱ्याचं, दत्तोबांचं, ऑक्सिजनचं मशीन दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चाले.

"आज नको जाऊस," दत्तोबा खाटेवरून म्हणाले. "बस जरा."

"अहो, नाही गेले तर मशीन बंद पडेल."

"ठाऊक आहे मला."

मालन बराच वेळ दारात उभी राहिली. मग चपला काढून खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्यांचे पाय चेपू लागली.

खाली रुळांवरून गाडी आली आणि वेग कमी न करता निघून गेली.